दाण्यालाही मर्यादा असते



गेल्या वर्षी दशलक्षण पर्व अगदी तोंडावर आलेले असताना आमच्या इमारतीच्या बैठकीत एक विषय निघाला. तळमजल्यावर, जिन्याखाली आणि गच्चीत उंदरांसाठी विषाच्या वड्या ठेवायच्या का? बारा घरांपैकी सात घरे आपली. हात वर कोणीच केला नाही, आणि नको असेही कोणी म्हटले नाही. सेक्रेटरींनी वहीत ‘सर्वानुमते’ असे लिहायला घेतले, तेव्हा माझ्या तोंडून निघून गेले, "भाऊ, पंधरा दिवस थांबा. पर्व होऊ द्या."

पंधरा दिवस मागून घेतले खरे, पण पुढे काय करायचे हे मलाही ठाऊक नव्हते. उंदरांचा त्रास खोटा नव्हता. आमच्या वॉशिंग मशीनची नळी दोनदा कुरतडली होती. खालच्या वैनींच्या ज्वारीच्या पोत्याला भोक पडले होते. सकाळी ओट्यावर लेंड्या दिसल्या की सगळा स्वयंपाक सोवळ्याने करणाऱ्या बाईचा जीव कसा होतो, ते तुम्हाला सांगायला नको. आणि हे सगळे कशामुळे होते, तेही सर्वांना माहीत होते. पहिल्या मजल्यावरच्या काकू रोज पहाटे मागच्या अंगणात दोन-तीन किलो ज्वारी, बाजरी आणि तांदळाची कणी टाकत. काका गेल्यापासून त्यांचा हा नेम. पाखरे खाऊन जात, उरलेले दिवसभर फरशीच्या सांध्यात, कुंड्यांच्या मागे, गटाराच्या जाळीपाशी पडून राही. रात्री उंदीर ते वेचत.

काकूंना सांगायचे कोणी? जी बाई नवऱ्याच्या नावाने पाखरांना दाणे घालते, तिला ‘घालू नका’ म्हणायचे म्हणजे तिच्या घासातला धर्म काढून घेण्यासारखे. आणि न सांगावे तर तिच्याच दाण्यांवर वाढलेल्या जिवांना आपण विष घालणार. दोन्हीकडून पाप. त्या पंधरा दिवसांत मी जुनी पुस्तके काढून बसले. आपल्या आधीच्या लोकांनी हे कसे निभावले ते पाहावे म्हटले. जे सापडले ते आज तुमच्यापुढे ठेवते.

खंभातचा म्हातारा

चारशे वर्षांपूर्वी, १६२३ साली, पिएत्रो देल्ला वाल्ले नावाचा एक इटालियन प्रवासी गुजरातेत खंभातला आला. तेव्हा खंभात मोठे बंदर होते आणि तिथल्या व्यापाऱ्यांत आपले लोक पुष्कळ होते. त्या शहरात त्याने पाखरांचे रुग्णालय पाहिले. आजारी, लंगडी, जोडीदाराला मुकलेली पाखरे तिथे ठेवलेली. बरी झाली की रानातली असतील ती सोडून देत, माणसाळलेली असतील ती एखाद्या सज्जनाच्या घरी देत.

पण त्या प्रवाशाला सगळ्यात नवल वाटले ते वेगळ्याच गोष्टीचे. तिथे उंदरांची काही अनाथ पिल्ले होती. पांढऱ्या दाढीचा एक वृद्ध माणूस त्यांना पेटीत कापसावर ठेवून, नाकावर चष्मा लावून, पाखराच्या पिसाने एकेकाला दूध पाजत होता. पिल्ले इतकी लहान की दुसरे काही खाताच येत नव्हते. मोठी झाली की त्यांना जातील तिकडे सोडून देणार, असे त्याने सांगितले.

हे वाचून मला आधी हसू आले, मग डोळे भरून आले. आपल्या परंपरेने उंदराच्या पिल्लालाही जीवच मानले, परक्या देशातल्या माणसाने ते लिहून ठेवले आणि आज चारशे वर्षांनी मी इथे ते वाचते आहे. पण दुसऱ्यांदा वाचताना आणखी काही दिसले. तो म्हातारा दाणे फेकून घरी गेला नव्हता. मोजकी पिल्ले, मोजके दूध, प्रत्येकावर नजर. आणि ती मोठी झाली की मोकळी, कायमची पोसायची नाहीत. त्याच्या दयेला हद्द होती आणि कष्टही होते.

गुजरातेतल्या जुन्या पांजरापोळांतही हेच दिसते. काही ठिकाणी ‘जीवातखाना’ म्हणून वेगळी खोली असे. घरात, दुकानात धान्य निवडताना निघालेले किडे त्या धान्यासकट तिथे नेऊन ठेवत, म्हणजे ते पायाखाली किंवा जात्यात जायला नकोत. कल्पना ऐकायला विचित्र वाटेल. पण तिच्यामागचा विचार आपल्याच स्वयंपाकघरातला आहे: जीव आणि धान्य जिथल्या तिथे ठेवा, वाटेल तिथे पसरू देऊ नका.

आता अहमदाबादच्या पोळांमधले चबुतरे आठवा. नक्षीकाम केलेला उंच खांब आणि त्याच्या माथ्यावर पाखरांसाठी ठेवलेली जागा. शोभा तर आहेच, पण दाणा जमिनीपासून उंच गेला की कुत्र्या-मांजरांपासून पाखरू वाचते आणि सांडासांडही अंगणभर होत नाही. ज्याने पहिला चबुतरा बांधला त्याने पाखराच्या पोटाबरोबर खालच्या जमिनीचाही विचार केला असणार.

मुंबई: कुत्रे, पांजरापोळ आणि प्लेग

मुंबईची गोष्ट याहून अवघड. १८३२ साली सरकारने भटकी कुत्री मारण्याचा हुकूम काढला आणि शहरात दंगा उसळला. पुढे मुख्यतः पारशी होते, कारण त्यांच्या धर्मात कुत्र्याला मोठा मान. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८३४ साली, जमशेटजी जीजीभाई आणि जैन व्यापारी यांच्या पुढाकाराने भुलेश्वरला मुंबईचा पांजरापोळ उभा राहिला. जनावर मारू नका म्हणणाऱ्यांनी ते सांभाळण्याची जागाही दिली आणि खर्चही उचलला. नुसते ‘मारू नका’ म्हणून ते थांबले नाहीत, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

मग आले १८९६ साल. सप्टेंबरात मांडवी भागात मूळचे गोव्याचे डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी गाठीच्या तापाचे रोगी ओळखले. तो प्लेग होता. मांडवी म्हणजे धान्याच्या वखारींचा भाग. बंदरावर उतरलेली पोती तिथे रचलेली, वर माणसांची दाट वस्ती, खाली धान्य आणि धान्यात उंदीर. माणसे आजारी पडण्याआधी त्या वखारींत उंदीर मरून पडत होते. पण तेव्हा त्याचा अर्थ नीट कोणाला लागला नाही. कोणी हवेला दोष दिला, कोणी घाणीला, कोणी जमिनीला.

पुढच्या वर्षी साथ पुण्यात पोचली. १० मार्च १८९७ रोजी प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले गेल्या. त्याच वर्षी साथरोगांचा कायदा झाला, सोजीर घरात शिरून झडत्या घेऊ लागले, देवघरापर्यंत आणि चुलीपर्यंत गेले. २२ जूनला चाफेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. हे सगळे आपण शाळेत शिकलो. पण या सगळ्याच्या मुळाशी उंदीर आणि धान्य होते, हे शाळेच्या पुस्तकात सहसा येत नाही.

१८९८ साली कराचीत पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टराने दाखवून दिले की प्लेग उंदराच्या पिसवेतून येतो. उंदीर मेला, थंड पडला की पिसू त्याला सोडून दुसरे ऊबदार अंग शोधते आणि जवळ माणूस असेल तर माणसाला चावते. कित्येक वर्षे लोकांनी हे मानले नाही. मुंबईत परळच्या प्रयोगशाळेत १९०५ नंतर झालेल्या कामाने ते पक्के ठरले. तोवर आणि त्यानंतरही, पुढच्या काही दशकांत, देशभरात एक कोटीहून अधिक माणसे या रोगाने गेली.

उंदीर मारण्याच्या मोहिमा तेव्हाही निघाल्या. आपल्या आणि इतर समाजांतूनही त्यांना विरोध झाला आणि त्यावरून आपल्या लोकांना अडाणी म्हटले गेले. मीही लहानपणी तसेच समजत होते. पण पिसवेची गोष्ट कळल्यावर दुसरी बाजूही दिसली. घरात उंदीर मेला म्हणजे त्याच्या अंगावरची पिसू मोकळी झाली. अन्न आणि आसरा तसाच ठेवून नुसते उंदीर मारत सुटले तर मेलेल्यांच्या जागी नवे येतात, आणि साथीच्या दिवसांत तर धोका वाढतोच. खरा उपाय होता तो धान्य राहत्या घरापासून दूर ठेवण्याचा, बिळे बुजवण्याचा, घरात उजेड आणि वारा येऊ देण्याचा.

आमच्या आजेसासूबाई सांगत, त्यांच्या लहानपणी ‘उंदीर पडला’ असे कोणी म्हटले की गाव उठायचे. बैलगाडीत जाते, भांडी आणि देवाची मूर्ती घालून माळावर झोपड्या करून राहायचे, साथ ओसरली की परत. म्हणजे उंदीर मरणे ही त्या पिढीला सूचना होती. त्यांनी शास्त्र वाचले नव्हते, पण मेलेला उंदीर म्हणजे पळायची वेळ, हे त्या जाणत होत्या.

आज प्लेगची भीती राहिली नाही. १९९४ साली सुरतेत साथ आली तेव्हा आपल्याकडेही चार दिवस सगळ्यांनी तोंडाला रुमाल बांधले, मग विसरलो. पण लेप्टो आहे. उंदराच्या मुताने दूषित झालेल्या पाण्यातून तो येतो. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईने तो अनुभवला. पावसाळ्यात अनवाणी मंदिराला जाणाऱ्या आपल्या बायकांनी हे लक्षात ठेवावे. पायाला जखम असेल तर साचलेल्या पाण्यातून जाऊ नये.

कबुतरखान्याचा वाद

आता जे ताजे आहे आणि बोलायला नाजूक आहे, त्याकडे येते. जुलै २०२५ मध्ये मुंबईतले ५१ कबुतरखाने बंद करावेत, असे सरकारने महापालिकेला सांगितले. कबुतरांच्या विष्ठेने आणि पिसांच्या धुळीने फुप्फुसाचे आजार होतात, हे त्यामागचे कारण. प्रकरण उच्च न्यायालयात गेले. दादरचा कबुतरखाना १९३३ सालचा, वारसा वास्तू म्हणून नोंदलेला. तो ऑगस्टमध्ये ताडपत्रीने झाकला, लोकांनी ताडपत्री फाडली, पुन्हा झाकला. आपल्या किती तरी बायका रडल्या. मलाही ते दृश्य बघवले नाही.

पण रडून झाल्यावर मी स्वतःला विचारले, खंभातचा म्हातारा आणि रस्त्याच्या चौकात पोत्याने दाणे ओतणारे आपण, यात फरक काय? जीव तोच, दयाही तीच. फक्त आपण मोजायचे सोडले. पाखराला किती लागते, उरलेले कुठे जाते, शेजारच्या खिडकीतल्या दमेकऱ्याचे काय होते, हे पाहायचे सोडले. दाणा विकत घेतला, ओतला, हात जोडले, निघालो.

शास्त्र काय म्हणते

श्रावकाच्या व्रतांत एक अनर्थदंडव्रत आहे. ज्यातून काही साधत नाही असे पाप टाळायचे. त्याच्या पाच प्रकारांत दोन इथे नेमके लागू पडतात. एक हिंसादान, म्हणजे विष, शस्त्र अशी जीव घेणारी साधने दुसऱ्याच्या हाती देणे. सोसायटीच्या वर्गणीतून विषाच्या वड्या आणणे म्हणजे दुसरे काय? दुसरा प्रमादचर्या, म्हणजे गरज नसताना, लक्ष न देता माती उकरणे, पाणी सांडणे, झाडे तोडणे. मला वाटते, लक्ष न देता दाणे सांडणेही त्यातच बसते. त्या एका फरशीवर विष आणि सांडलेला दाणा हे दोन्ही दोष समोरासमोर उभे होते.

हिंसेचे चार प्रकारही आपण पाठशाळेत पाठ केलेले. संकल्पी, आरंभी, उद्योगी, विरोधी. गृहस्थाला संकल्पी हिंसा पूर्ण सोडायची असते. विष ठेवणे ही संकल्पी. आजकालच्या बहुतेक विषांनी उंदीर लगेच मरत नाही. रक्त गोठणे थांबते आणि आतल्या आत रक्तस्राव होऊन तो काही दिवसांनी मरतो. तो मेलेला उंदीर खाणारे घुबड, मांजर यांनाही ते बाधते. चिकट पाटीवर तर उंदीर जिवंतपणी चिकटून तडफडत राहतो. ती पाटी आपल्या घरात येऊच नये.

मग एक मैत्रीण म्हणेल, दाणे बंद केले तर उंदीर उपाशी मरतील, ती हिंसा नाही का? हा प्रश्न मलाही पडला आणि त्याला पूर्ण स्वच्छ उत्तर माझ्याकडे नाही. एवढे कळते की उंदराची मादी साधारण तीन आठवड्यांत विते, एका वेळी सहा-आठ पिल्ले. अन्न भरपूर असले की संख्या भराभर वाढते, कमी झाले की वीण घटते आणि बरेच दुसरीकडे सरकतात. म्हणजे आज न सांडलेला दाणा उद्याचे विष टाळतो. काही त्रास त्या जिवांना होणारच. तो आपल्या आधीच्या बेपर्वाईचा हिशेब आहे, आणि म्हणूनच ती बेपर्वाई पुन्हा करायची नाही.

आम्ही काय केले

पर्वाच्या तिसऱ्या दिवशी, उत्तम आर्जव धर्माच्या दिवशी, मी काकूंकडे गेले. त्या दिवशी तरी सरळ बोलावे म्हटले. आधी खंभातच्या म्हाताऱ्याची गोष्ट सांगितली. त्या ऐकत राहिल्या. मग विषाच्या वड्यांचे सांगितले. त्यांना ते माहीतच नव्हते. बैठकीला त्या आल्या नव्हत्या आणि इतक्या बायका रोज जिन्यात भेटत होत्या, एकीनेही सांगितले नव्हते.

"मी पाखरांना घालते गं, उंदरांना नाही," म्हणाल्या.

"काकू, पाखरं दिवे लागायच्या आत झाडावर जातात. त्यानंतर जे उरतं ते कोणाचं?"

काकू बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे मीच रात्रिभोजन घालते म्हण की." आणि थोड्या वेळाने, "त्या म्हाताऱ्याला चष्मा होता म्हणून दिसलं तरी. माझा कपाटात पडलाय."

दुसऱ्या दिवसापासून नेम बदलला, मोडला नाही. तारेला टांगलेले काठाचे पसरट ताट, सकाळी एक पसा दाणे. कमी पडले तर पडू दे, पाखराला सगळे रान मोकळे आहे. शेजारी मातीच्या परळात पाणी, रोज घासून. सूर्यास्ताआधी ताट उतरवायचे, खाली सांडलेले झाडून घ्यायचे. धान्य पोत्यात नाही, घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात. आपण पिठाची मर्यादा पाळतो, पावसाळ्यात तीन दिवस, उन्हाळ्यात पाच, हिवाळ्यात सात. काकू म्हणाल्या, पाखरांच्या दाण्याची मर्यादा एक दिवस. त्यांनी ती कॅलेंडरवर लिहून ठेवली आहे.

इमारतीने बाकीचे केले. गटाराच्या तोंडाला बारीक जाळी, पाइपाभोवतीची भोके सिमेंटने बुजवली, जिन्याखालची अडगळ काढली. बुजवण्याआधी दोन रात्री भोकांवर कागद चिकटवून पाहिला. जो सकाळी तसाच राहिला ते बीळ रिकामे. फाटला असेल तर थांबायचे, म्हणजे आत कोणी कोंडून मरायला नको. सुचवणारा आमचा गवंडीच, आणि तो जैन नाही. कचऱ्याचे डबे रात्री बाहेर ठेवणे बंद. ओटा झोपण्याआधी कोरडा, एक खरकटे भांडे नाही. चौविहार पाळणाऱ्या घरात हे मुळात सोपे असायला हवे, पण आमच्याच घरात मुलांचे रात्रीचे बिस्किटांचे चुरे निघाले, ते कबूल करते.

उंदीर एका दिवसात गेले नाहीत. पहिला आठवडा तर जास्तच दिसले, सैरभैर झालेले. सेक्रेटरी दोनदा विचारून गेले. पाचव्या आठवड्यापासून लेंड्या दिसेनाशा झाल्या. मागच्या गटारापाशी एक घूस अजून येते, तिचे काय करायचे ते ठरलेले नाही. ‘सर्वानुमते’ लिहिलेली ती ओळ वहीत अर्धीच राहिली आहे.

काकांच्या वर्षश्राद्धाच्या दिवशी काकूंनी मला बोलावले. ज्वारीचे जे पैसे वाचले होते, ते त्यांनी दिल्लीच्या लाल मंदिरातल्या पक्ष्यांच्या रुग्णालयाला पाठवायला काढून ठेवले होते. तिथे जखमी पाखरे बरी करून सोडतात. "पाकिटावर यांचं नाव घाल," म्हणाल्या. मी घातले.

तुमच्याही इमारतीत अशा एखाद्या काकू असतील. त्यांच्याविषयी बैठकीत बोलण्याआधी त्यांच्या घरी जा. आणि त्या काकू तुम्हीच असाल, तर आज संध्याकाळी दिवे लागायच्या आधी खाली जाऊन एकदा फरशी पाहून या.

उत्तम क्षमा.